दाढीवर कर लावणारा राजा : पीटर द ग्रेट

'दाढी ठेवायची असेल तर सरकारला कर भरा' असं कुणी सांगितलं तर? वर्गात ही गोष्ट सांगून बघा, मुलं लगेच कान टवकारतील. पण ही गोष्ट खरी आहे, रशियातली.

पीटरचा जन्म १६७२ चा, मॉस्कोमधला. म्हणजे आपल्याकडे शिवरायांचा राज्याभिषेक झाला तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. दहाव्या वर्षी तो भावासोबत गादीवर बसला. उंची जवळजवळ दोन मीटर! जहाजांचं भारी वेड. १६९७ मध्ये तो नाव बदलून युरोपात गेला आणि हॉलंडच्या गोदीत चक्क सुतारकाम शिकला.

१६९८ ला परत आला तो डोक्यात बदल घेऊनच. भेटायला आलेल्या सरदारांच्या दाढ्या त्याने स्वतःच्या हाताने कापल्या. आज आपल्याला हसू येतं. पण तिथे दाढी ही देवाने दिलेली खूण मानत आणि ती काढणं पाप समजत. काहींनी तर कापलेली दाढी जपून ठेवली, मेल्यावर शवपेटीत सोबत असावी म्हणून.

१७०५ मध्ये कराचे दर ठरले. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला १०० रूबल, दरबारी माणसाला ६०. शेतकऱ्याला गावात सूट होती, पण शहराच्या वेशीतून जाताना एक कोपेक द्यावाच लागे. धर्मगुरूंना मात्र माफी होती. कर भरला की नाक, मिशा आणि दाढीचं चित्र असलेला बिल्ला मिळायचा. पावतीच म्हणा ना!

कालगणनाही बदलली. रशियात वर्षं जगाच्या उत्पत्तीपासून मोजत आणि नवं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई. पीटरच्या हुकमाने ७२०८ हे साल चार महिन्यांतच संपलं आणि १ जानेवारी १७०० उजाडला.

लग्नाच्या चालीतही त्याने हात घातला. पूर्वी मुलामुलीने एकमेकांना न पाहताच लग्न लागे. १७०२ पासून साखरपुडा सहा आठवडे आधी करायचा आणि पटलं नाही तर मोडायची मुभा, असा नियम झाला.

इथे थोडं थांबूया. मुलीला नकार देता येणं ही मोठी गोष्ट. पण दाढी जबरदस्तीने कापणं? जुन्या रीतींकडे ओढा असलेला त्याचा स्वतःचा मुलगा अलेक्सी १७१८ मध्ये बापाच्याच कैदेत, छळानंतर मेला. पीटर १७२५ मध्ये गेला. दाढीचा कर मात्र १७७२ पर्यंत चालू राहिला.

म्हणून ही गोष्ट फक्त गंमत म्हणून सांगू नका. मुलांना विचारा, एखादी रूढी बदलायची असेल तर हुकूम काढावा की माणसांना समजावून सांगावं? आणि दोन्ही बाजूंनी बोलू द्या. आपण मोठ्यांनीही घरात, वर्गात किती वेळा फक्त कात्रीच चालवतो, हेही त्या निमित्ताने तपासता येईल.