शनीच्या चंद्रांचा मापक : कॅप्टन जेकब

कड्यांनीं वेढलेल्या शनीएवढें मनोहर दृश्य दुसऱ्या कोणत्याहि ग्रहाचें नाहीं. त्याचा सर्वांत मोठा चंद्र टायटन हा हॉलंडच्या हायगेन्स यांनीं १६५५ सालीं शोधून काढला. पुढें पॅरिस येथें कॅसिनी यांनीं १६७१ ते १६८४ या काळांत चार, व इंग्लंडांत हर्शेल यांनीं १७८९ सालीं दोन चंद्र शोधिले. १८४८ सालीं आठवा चंद्र सांपडला. हीं नांवें विद्यार्थ्यांच्या वाचनांत येतात. परंतु याच चंद्रांसाठीं अनेक रात्री जागणारे, ज्योतिर्विदांच्या मंडळांत प्रसिद्ध असे एक गृहस्थ पुण्यांत राहून गेले व तेथेंच त्यांचा देह पडला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजीं इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी विद्यालयांत शिकून ते १८३१ सालीं मुंबईस आले व हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या कामावर रुजू झाले. उंच जागीं यंत्र मांडून दूरच्या खुणेचा कोन बिनचूक घ्यावयाचा, असें तें काम. एका कोनांत राहिलेली चूक पुढच्या साऱ्या गणितांत शिरते. उतावळ्या मनुष्याचा तेथें निभाव लागत नाहीं. जमीन मोजतांना अंगीं बाणलेली ही शिस्त पुढें त्यांस आकाश मोजतांना उपयोगी पडली.

१८४२ सालीं त्यांनीं पुण्यास स्वतःची लहानशी वेधशाळा उभारली. प्रकृति बिघडल्यामुळें मध्यंतरीं त्यांस देश सोडावा लागला. तथापि १८४५ सालीं ते परत आले आणि त्यांनीं सर्व लक्ष ज्योतिषाकडे लाविलें. पुण्यास घेतलेल्या वेधांवरून त्यांनीं २४४ जोडताऱ्यांची यादी तयार केली. १८४८ च्या डिसेंबरांत मद्रास वेधशाळेचा कारभार त्यांच्या हातीं आला.

दक्षिण हिंदुस्थानांत ग्रह इंग्लंडपेक्षां आकाशांत उंच येतात, म्हणून ते क्षितिजाजवळच्या जाड हवेंतून पाहावे लागत नाहींत. या सोयीचा जेकबसाहेबांनीं पुरा उपयोग केला. १८५२ सालीं त्यांस असें दिसलें कीं, शनीच्या आंतल्या अंधुक कड्यांतून ग्रहाचा गोल आरपार दिसतो. त्याच सुमारास लॅसेल यांनींहि हेंच पाहिलें. कडें पत्र्यासारखें भरीव असतें, तर मागचें कांहींच दिसलें नसतें. कडीं असंख्य सुट्या कणांचीं असलीं पाहिजेत, हें मॅक्सवेल यांनीं १८५९ सालीं गणितानें दाखविलें.

१८५६ ते १८५८ या वर्षांत त्यांनीं शनीच्या चंद्रांचीं स्थानें मोजलीं. सांपडलेले चंद्र पुनः कशास मोजावयाचे, असें कोणी विचारील. चंद्र ग्रहापासून किती अंतरावर व किती वेळांत फिरतो हें कळलें, कीं त्या ग्रहाचें वजन काढतां येतें. आमच्या गडहिंग्लजच्या बाजारांत गूळ तोलावयास तराजू लागतो; शनीचे चंद्र हाच त्याचा तराजू आहे.

त्यांचें प्रत्येक अनुमान खरें ठरलें असें मात्र नाहीं. भुजंगधारी तारकापुंजांतील सत्तराव्या क्रमांकाच्या जोडताऱ्यास एक अदृश्य ग्रह असावा, असा संभव त्यांनीं १८५५ सालीं मांडला. पुढील वेधांत तो टिकला नाहीं. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं ग्रह फिरतो, हें सिद्ध होण्यास १९९५ साल उजाडावें लागलें.

प्रकृतीनें साथ न दिल्यामुळें १८५९ सालीं त्यांनीं मद्रासचें काम सोडलें. परंतु पुण्याजवळच्या डोंगरावर, स्वच्छ व स्थिर हवेंत, वेधशाळा असावी ही त्यांची मनीषा होती. ब्रिटिश पार्लमेंटानें त्याकरितां १,००० पौंड मंजूर केले, आणि तीन वर्षें तेथें राहून वेध घेण्याचें त्यांनीं पत्करिलें. ८ ऑगस्ट १८६२ रोजीं ते मुंबईस उतरले. १६ ऑगस्टला पुण्यास त्यांनीं प्राण सोडला. वय अवघें ४८ वर्षांचें होतें. डोंगरावरून शनि पाहण्याचा योग त्यांस आलाच नाहीं.

हें जीवित अपुरें राहिलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. २०२५ च्या मार्चांत १२८ नवे चंद्र मान्य होऊन शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ झाली. त्यांतील प्रत्येकाची कक्षा ठरविण्यास रात्रीमागून रात्र तीच मोजणी करावी लागली. एकहि चंद्र जेकबसाहेबांच्या नांवावर नाहीं. परंतु जें दिसलें तेंच त्यांनीं नोंदविलें, आणि ती नोंद पुढच्यांच्या उपयोगीं पडली. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत, उत्तर जुळावें म्हणून आंकडा बदलण्याचा मोह ज्या विद्यार्थ्यास होईल, त्यानें या मोजणीदाराचें स्मरण करावें.