सूडाची साखळी तोडणारी संत रीटा



दरवर्षी २२ मे रोजी संत रीटाचा सण येतो. अशक्य वाटणाऱ्या गोष्टींसाठी आपण तिच्या मध्यस्थीची याचना करतो. पण तिच्या स्वतःच्या वाट्याला आलेली सर्वांत अवघड गोष्ट होती क्षमा.

इटलीतील कॅशिया शहराजवळच्या रोकापोरेना या डोंगराळ गावी १३८१च्या सुमारास तिचा जन्म झाला. तिला मठाची ओढ होती. आईवडिलांनी मात्र पावलो मान्चिनीशी तिचे लग्न लावून दिले. तो तापट व भांडखोर होता, असे परंपरा सांगते. रीटाच्या सहनशील प्रेमाने तो हळूहळू निवळला. त्यांना दोन मुलगे झाले.

त्या काळी तेथे घराण्याघराण्यांत वैर असे. रक्ताचा बदला रक्ताने घेणे हा कुळाचा मान समजला जाई. अशाच वैरातून पावलोचा खून झाला. रीटाने मारेकऱ्यांना क्षमा केली. पण नातेवाईक गप्प बसेनात आणि वयात येणारी मुले बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघाली. आईने परोपरीने समजावले, पण व्यर्थ. शेवटी तिने देवाला विनविले की, मुलांचे हात रक्ताने माखण्यापेक्षा तूच त्यांना आपल्याकडे ने. काही काळातच दोघेही आजाराने वारले. ही प्रार्थना करताना त्या माउलीचे काळीज किती फाटले असेल! मुलांच्या जिवापेक्षा तिला त्यांच्या आत्म्याची काळजी अधिक होती.

एकाकी झालेल्या रीटाने कॅशियातील ऑगस्टीन संघाच्या मठाचे दार ठोठावले. तेथेही नकार मिळाला. घराण्यांचे वैर तिच्यामागून मठात शिरेल, अशी धास्ती होती. तेव्हा रीटा दोन्ही घराण्यांच्या दारी गेली आणि तिने त्यांच्यात समेट घडवून आणला. त्यानंतरच मठाचे दार उघडले. पुढची सुमारे चाळीस वर्षे तिने प्रार्थनेत व सेवेत घालविली. अखेरची पंधरा वर्षे काट्याच्या मुकुटाची जखम तिच्या कपाळावर होती. १४५७ साली ती प्रभूकडे गेली. पोप लिओ तेरावे यांनी १९०० साली तिला संतपद बहाल केले.

बंधु-भगिनींनो, शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच पवित्र मिस्सेला येतात, पण शांतीचिन्ह देताना तोंड फिरवितात. क्षमा केली असे मनात म्हणणे सोपे असते. रीटा मात्र नवऱ्याच्या मारेकऱ्यांच्या घराण्यापर्यंत चालत गेली. आपल्याला तर शेजारच्याच दारापर्यंत जायचे आहे. या आठवड्यात पहिले पाऊल आपण टाकू या का?

हे प्रभो, संत रीटाच्या मध्यस्थीने आमच्या मनातील वैर दूर कर आणि समेटासाठी पुढे होण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.