चाकाचे दान

फ्रान्सच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या काठी कान नावाचे शहर आहे. त्याच्या परिसरात इ. स. १९१४ मध्ये रेने व्हिएतोचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच असल्यामुळे लहान वयातच त्याला कान येथील एका हॉटेलात पोऱ्याचे काम पत्करावे लागले. परंतु त्याचे मन जडले होते सायकलीवर. घाट चढण्याचा त्याने इतका सराव केला की, विसाव्या वर्षीच फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड झाली.

'टूर द फ्रान्स' ही जगातील अत्यंत खडतर सायकल-शर्यत इ. स. १९०३ मध्ये सुरू झाली. १९३४ साली तिचा मार्ग सुमारे साडेचार हजार किलोमीटर लांब असून २३ टप्प्यांत विभागलेला होता. सर्व टप्पे मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल, तो विजयी होई. विजय एकाच्या नावावर लागे. पण त्यासाठी सारा संघ झिजत असे. सोबती पुढे राहून वारा अंगावर घेत, त्यामुळे मागून येणाऱ्या नायकाचे श्रम वाचत. नायकाची सायकल नादुरुस्त झाली, तर सोबत्याने आपली पुढे करावी, अशी रीत होती.

त्या वर्षी संघाचा नायक होता अँटोनिन मॅग्ने. १९३१ ची शर्यत त्यानेच जिंकली होती. आल्प्स पर्वत लागताच मात्र तरुण व्हिएतोचे तेज प्रकट झाले. ग्रेनोबल आणि दिन्य येथील टप्पे त्याने जिंकले. पुढे आपल्या कान शहरातही तोच पहिला आला. हा पोरगा एके दिवशी संपूर्ण शर्यत जिंकणार, असे लोकांना वाटू लागले.

पुढे पिरेनीज पर्वतात कसोटीचा क्षण आला. प्युमोरेन्सचा घाट उतरताना मॅग्ने पडला व त्याच्या सायकलीचे चाक मोडले. इटलीचा मार्तानो त्याला मागे टाकण्यास टपलाच होता. एकेक क्षण मोलाचा होता. व्हिएतोने आपल्या सायकलीचे पुढचे चाक काढून नायकाला दिले. मॅग्ने निघून गेला. व्हिएतो रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर दुसऱ्या चाकाची वाट पाहत बसला. एकामागून एक स्पर्धक पुढे जात होते आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. त्या प्रसंगाचे छायाचित्र साऱ्या फ्रान्समध्ये गाजले.

दुसऱ्या दिवशी व्हिएतो पुढे असताना मॅग्ने पुन्हा अडचणीत सापडल्याचे त्याला कळले. उतरलेला घाट तो उलट चढून गेला आणि स्वतःची गरज बाजूस सारून त्याने नायकाची गरज भागवली.

मॅग्ने शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. तथापि घाट चढण्यातील श्रेष्ठत्वाचा मान त्यानेच मिळवला. पुढे १९३९ मध्ये तो दुसरा आला. १९४७ मध्ये पंधरा दिवस आघाडीचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता. पण अखेरीस तो निसटला. ही शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही. इ. स. १९८८ मध्ये तो निवर्तला.

त्यागाचे दुःख व्हिएतोला झाले नाही, असे नाही. त्याचे अश्रूच त्याची साक्ष देतात. परंतु दुःख होत असतानाही त्याने हात आखडता घेतला नाही. म्हणूनच जिंकलेल्या कित्येकांची नावे लोक विसरले, तरी चाक देणाऱ्या व्हिएतोचे नाव आजही आदराने घेतले जाते.