विश्लेषण : जीवनसत्त्वाचा शोध डच भाषेत का अडकून पडला?

नेदरलँड्समध्ये बिनपॉलिशच्या तांदळाला ‘झिल्व्हरफ्लीसराइस्ट’ म्हणतात. शब्दशः अर्थ, रुपेरी पापुद्र्याचा तांदूळ. आपल्या हातसडीच्या तांदळाचाच हा भाऊबंद. इंग्रजीत तो ‘ब्राउन राइस’ होतो आणि भाषांतरात पापुद्राच गळून पडतो. ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरचे सारे काम त्याच पापुद्र्यावर उभे होते.

आइकमान जावात कसे पोहोचले?

११ ऑगस्ट १८५८ रोजी नायकर्क गावात शाळामास्तरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. लष्करी वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेले. पण मलेरियाने गाठले आणि १८८५ मध्ये परतावे लागले. पुढच्याच वर्षी पत्नी वारली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना बेरीबेरीचा शोध घेणाऱ्या सरकारी पथकात ते सामील झाले आणि पुन्हा बोटीत बसले.

या रोगात पाय लुळे पडत, हृदय थकत असे. सैनिक आणि कैदी मोठ्या संख्येने मरत होते. जंतुशास्त्राची चलती असल्याने पथकही जंतूच शोधत होते. १८८८ मध्ये आइकमान बटाव्हियातील (आता जकार्ता) प्रयोगशाळेचे संचालक झाले.

कोंबड्यांनी काय दाखवले?

प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडू लागल्या. जंतू सापडेना. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्या पुन्हा साध्या तांदळावर आल्या. या आचाऱ्याचे नाव इतिहासाने जपले नाही, हे जरा अन्यायाचेच.

नंतर जावातल्या शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी झाली. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कैद्यांमध्येच बेरीबेरी कितीतरी अधिक आढळली.

आइकमान यांनी लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता. भाताच्या पिठूळ भागात विष असते आणि रुपेरी पापुद्रा त्यावर उतारा असतो, असे ते मानत. प्रकृतीमुळे १८९६ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८९८ पासून उट्रेख्तला प्राध्यापक झाले.

बरोबर अर्थ कोणी लावला?

बटाव्हियात त्यांचे काम पुढे नेणाऱ्या गेरिट ग्राइन्स यांनी. मुगानेही कोंबड्या बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवले. विष वगैरे काही नाही. अन्नात नसांना लागणारे काहीतरी असते आणि ते कमी पडले की रोग होतो, असे त्यांनी १९०१ मध्ये मांडले. आज आपण जीवनसत्त्वाची कमतरता म्हणतो, ती हीच कल्पना.

पण लेख डचमध्ये होता, तोही ईस्ट इंडीजच्या वैद्यकीय नियतकालिकात. आइकमान यांनी १८९७ मध्ये आपले प्रयोग जर्मनीत जर्मनमध्ये छापले होते. ती तेव्हा विज्ञानाची भाषा होती. ग्राइन्स यांना डच जगाबाहेर फारसे वाचक लाभले नाहीत.

नाव कुठून आले?

१९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी ‘व्हिटामिन’ हा शब्द दिला. त्याच्या रोमन लिपीतल्या स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ होता. अशी सारी द्रव्ये ‘अमाइन’ नसतात हे कळल्यावर १९२० मध्ये इंग्रजीने तो ‘ई’ काढला. डच भाषेत तो अजून आहे. डच बाटलीवरचे नाव इंग्रजीत नेणाऱ्याला अशी किरकोळ वाटणारी वळणे वारंवार लागतात. ‘फोलियमझूर’मधल्या ‘झूर’चा अर्थ आंबटही होतो आणि आम्लही, इथे फॉलिक ॲसिडच हवे. ‘लेव्हरट्रान’ म्हणजे कॉड लिव्हर ऑइल, पण ‘ट्रान’ म्हणजे अश्रूही. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की यकृताचे अश्रू बाटलीत भरले जातात!

पापुद्र्यातले द्रव्य १९२६ मध्ये बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. यान्सेन यांनी त्याला ‘अन्युरिन’ म्हटले. जगात रूढ झाले ते ‘थायमिन’, म्हणजेच बी-१.

१९२९ चे नोबेल आइकमान यांना इंग्लंडच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून मिळाले. आजारपणामुळे ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्तमध्ये त्यांचे निधन झाले. पुरस्कारात ग्राइन्स यांचे नाव नव्हते. त्यांच्या संशोधनाचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा १९३५ साल उजाडले होते.