जमिनीपेक्षा हवाच जास्त गार! कोण होते हे शोधणारे डॉ. रामदास?

यवतमाळच्या शेतात थंडीच्या रात्री सर्वात गार काय असतं? 'जमीन' असंच कुणीही म्हणेल. शास्त्रज्ञांचाही तोच समज होता.

तो मोडला डॉ. एल. ए. रामदास यांनी. 1900 मध्ये पालघाटला जन्मलेले रामदास सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. 1932 मध्ये पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला, तो त्यांनी उभा केला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या जमिनीपेक्षा वीतभर ते हातभर वरची हवा जास्त गार असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. अनेकांना ही मोजमापातली चूक वाटली. पुढे इतरांनाही तेच आढळलं.

रामदास 1979 मध्ये गेले. या थराला आजही 'रामदास थर' म्हणतात. वेधशाळेचा थर्मामीटर चार फुटांवर असतो, हरभरा मात्र हातभरच वाढतो. म्हणूनच जमिनीलगतची हवा मोजणं महत्त्वाचं!