एन्रिको फर्मी : पहिल्या अणुभट्टीचे शिल्पकार

विसाव्या शतकात सिद्धान्त आणि प्रयोग या दोन्ही क्षेत्रांत सारख्याच अधिकाराने वावरलेले भौतिकशास्त्रज्ञ फार थोडे झाले. एन्रिको फर्मी हे त्यांतील अग्रगण्य नाव होय. शालेय पुस्तकांत त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो आणि तोही बहुधा अणुबाँबच्या संदर्भात. परंतु ज्या यंत्रापासून जगातील प्रत्येक अणुभट्टीची वंशावळ सुरू होते, ते यंत्र त्यांनी एका विद्यापीठाच्या क्रीडांगणाखाली उभे केले आणि स्वतः उभे राहून चालविले, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

फर्मी यांचा जन्म 29 सप्टेंबर 1901 रोजी रोम येथे झाला. वडील रेल्वे खात्यात अधिकारी, आई शिक्षिका. एन्रिको चौदा वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचा थोरला भाऊ जुलिओ घशाच्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी दगावला. दोघे भाऊ एकमेकांचे सखे होते. त्या दुःखात एन्रिकोने पुस्तकांचा आधार घेतला. रोमच्या जुन्या बाजारात त्यांना भौतिकशास्त्राचे दोन जीर्ण खंड मिळाले. ग्रंथ लॅटिनमध्ये होता, तरी त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. वडिलांचे एक सहकारी, अभियंता अॅडॉल्फो अमिदेई, त्यांना क्रमाने गणिताची पुस्तके देत गेले. पुढे त्यांच्याच आग्रहाने एन्रिको 1918 मध्ये पिसा येथील स्कुओला नॉर्माले या निवासी संस्थेत दाखल झाले. मुलाने घर सोडून वसतिगृहात राहावे, हे आईवडिलांना सुरुवातीला मान्य नव्हते. एक मुलगा गमावलेल्या घराला दुसऱ्याला दूर धाडणे किती जड गेले असेल, हे आपल्या शाळेत मूल सोडून परतणाऱ्या पालकांना सांगावे लागणार नाही. प्रवेशपरीक्षेत त्यांनी ध्वनीच्या स्वरूपावर लिहिलेला निबंध वाचून परीक्षक चकित झाले.

1926 मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविशीत, ते रोम विद्यापीठात सैद्धान्तिक भौतिकीचे प्राध्यापक झाले. भोवती तरुणांचा गट जमला. 1934 मध्ये या गटाने एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करण्यास प्रारंभ केला. गणकयंत्रे हाताने बनविलेली होती. निर्माण होणारा किरणोत्सर्ग काही वेळा इतका अल्पजीवी असे की, नमुना घेऊन प्राध्यापक आणि विद्यार्थी लांब व्हरांड्यातून अक्षरशः धावत सुटत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाटेत मेणाचा ठोकळा ठेवला असता न्यूट्रॉन मंद होतात आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रकात अधिक सहज शोषले जातात, असे आढळले. पुढच्या साऱ्या अणुभट्ट्यांचे बीज या शोधात होते.

एक मोठी चूकही याच काळातली. युरेनियमवर मारा केल्यावर आपल्याला युरेनियमपलीकडचे नवे मूलद्रव्य मिळाले, असा फर्मी यांचा समज झाला. वास्तविक केंद्रक दुभंगत होते. हे विखंडन जर्मनीत 1938 च्या अखेरीस ओळखले गेले, तेव्हा फर्मी यांना नोबेल पारितोषिक मिळून चुकले होते. आपल्या नोबेल व्याख्यानाच्या छापील प्रतीत त्यांनी तळटीप घालून जुन्या निष्कर्षांचा फेरविचार आवश्यक असल्याचे नोंदविले. सन्मानाच्या शिखरावर असताना ही दुरुस्ती छापणे सर्वांनाच जमत नाही.

त्याच वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंविरुद्ध वंशभेदी कायदे केले. फर्मी यांच्या पत्नी लॉरा ज्यू कुटुंबातील होत्या. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणारा कायदा घरात शिरला, तेव्हा त्यांनी देश सोडण्याचे ठरविले. डिसेंबरमध्ये पारितोषिक स्वीकारण्यासाठी पत्नी व दोन मुलांसह ते स्टॉकहोमला गेले आणि तेथून इटलीला न परतता 2 जानेवारी 1939 रोजी न्यूयॉर्कला उतरले. त्यांना आसरा दिला तो कोलंबिया विद्यापीठाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1913 ते 1916 या काळात जेथे अध्ययन केले, तेच हे विद्यापीठ.

कोलंबियात लिओ झिलार्ड यांच्यासह साखळी अभिक्रियेचा विचार सुरू झाला. एक केंद्रक फुटले की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते मंद करून दुसऱ्या केंद्रकापर्यंत पोहोचविले, तर अभिक्रिया आपोआप चालू राहील. मंद करण्यासाठी त्यांनी ग्राफाइट निवडले. पण ग्राफाइटमध्ये बोरॉनचा लेशही असला, तर तो न्यूट्रॉन गिळून टाकतो; म्हणून शुद्ध माल मिळविणे हीच पहिली लढाई ठरली. विटा वाहून नेण्यासाठी अखेर विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील धिप्पाड खेळाडूंना मजुरीवर लावण्यात आले. पुढे अमेरिका युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून फर्मी शत्रुराष्ट्राचे रहिवासी ठरले. ऑक्टोबर 1942 पर्यंत, देशाच्या सर्वांत गुप्त कामात गुंतलेल्या या माणसाला प्रवासासाठी परवानगी घ्यावी लागत होती.

1942 मध्ये काम शिकागो विद्यापीठात हलले. अणुभट्टी शहराबाहेरील आर्गोन वनात उभारायची होती. परंतु कामगारांच्या तंट्यामुळे तेथील इमारत वेळेत होईना. तेव्हा क्रीडांगणाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली असलेले स्क्वॅश खेळण्याचे दालन निवडण्यात आले. 16 नोव्हेंबरपासून दोन पाळ्यांत दिवसरात्र काम सुरू झाले. ग्राफाइटच्या सुमारे 45,000 विटा, वजन साधारण साडेतीनशे टन. त्यांत बसविलेले पाच टनांहून अधिक युरेनियम धातू आणि पस्तीस टनांहून अधिक युरेनियम ऑक्साइड. सर्वांची तोंडे काजळीने काळी झाली आणि जमीन निसरडी. प्रत्येक थर रचला की न्यूट्रॉनांची संख्या मोजली जाई आणि तिच्या व्यस्त आकड्याचा आलेख काढला जाई. तो शून्याकडे उतरत कोणत्या थराशी टेकेल, हे फर्मी आधीच सांगू शकत होते. आजही नव्या भट्टीत इंधन भरताना हीच पद्धत वापरतात.

1 डिसेंबरच्या रात्री हर्बर्ट अँडरसन यांच्या पाळीने 57 वा थर पुरा केला. नियंत्रक दांडे ओढले असते, तर जगातील पहिली अणुभट्टी त्याच रात्री सुरू झाली असती. फर्मी घरी झोपले होते. अँडरसन यांनी त्यांना दिलेला शब्द पाळला, दांडे कुलूपबंद केले आणि ते निघून गेले. या साऱ्या कथेत मला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

2 डिसेंबरची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. पन्नासेक माणसे सज्जात उभी राहिली. खाली एकटे जॉर्ज वाइल हाताने अखेरचा दांडा ओढणार होते. हे दांडे म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेला कॅडमियमचा पत्रा; कॅडमियम न्यूट्रॉन शोषून घेतो. दुसरा एक दांडा दोरीला टांगला होता आणि संकट आल्यास ती दोरी तोडण्यासाठी नॉर्मन हिल्बेरी कुऱ्हाड घेऊन उभे होते. भट्टीच्या माथ्यावर तिघे तरुण कॅडमियम क्षाराचे द्रावण घेऊन सज्ज होते. फर्मी यांच्या सूचनेनुसार वाइल दांडा थोडा ओढत, मोजणी होई, फर्मी गणनपट्टीवर हिशेब करीत, आकडा अपेक्षेशी जुळला की पुढची सूचना. साडेअकराच्या सुमारास स्वयंचलित दांडा धाडकन आत पडला. त्याची मर्यादा फार खाली ठेवली गेली होती, एवढेच. सर्वांच्या छातीत धस्स झाले. फर्मी यांनी मात्र जेवणाची सुटी जाहीर केली.

दुपारी साडेतीनच्या सुमारास गणकांचा टकटकाट इतका वाढला की ते ऐकून मोजणे अशक्य झाले. आलेखाची लेखणी सरळ वर चढत राहिली. अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू झाली होती. भट्टी 28 मिनिटे चालली. शक्ती केवळ अर्धा वॅट, म्हणजे विजेरीचा छोटा दिवाही नीट पेटणार नाही इतकी. हे सारे हाताच्या वेगाने सांभाळता आले, याचे कारण निसर्गातच आहे. विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी एक टक्क्याहूनही कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा बाहेर पडतात. हा विलंब नसता, तर कोणत्याही माणसाला दांडा वेळेवर आत ढकलता आला नसता. युजीन विग्नर यांनी आणलेली इटालियन मद्याची बाटली सर्वांनी कागदी पेल्यांतून घोट-घोट वाटून घेतली आणि तिच्या वेष्टनावर सह्या केल्या.

या यशाला एक उणी बाजू आहे. भट्टीला किरणोत्सर्ग अडविणारी भिंत नव्हती आणि ती लाखो माणसांच्या शहरात होती. प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांना विचारलेच नाही. विचारले असते, तर त्यांना नकार द्यावा लागला असता, असे त्यांना वाटले. फर्मी यांचे गणित अचूक होते, हे मान्य. तरीही ज्यांच्या दाराशी धोका मांडला, त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार अचूक गणितातून मिळत नाही, असे आम्हांस वाटते. अंधारात घरचेही होते. त्याच संध्याकाळी फर्मी यांच्या घरी मेजवानी होती. येणारा प्रत्येक पाहुणा फर्मी यांचे अभिनंदन करी आणि लॉराबाईंना कारण कोणीच सांगेना. ते त्यांना 1945 मध्ये, युद्धाच्या शेवटी कळले.

1943 च्या प्रारंभी ती भट्टी मोडून आर्गोन वनात, संरक्षक भिंतीसह, पुन्हा उभारण्यात आली. सप्टेंबर 1944 मध्ये हॅनफर्ड येथील प्रचंड भट्टी सुरू झाली आणि काही तासांतच आपोआप मंदावून बंद पडली. नंतर पुन्हा जिवंत झाली, पुन्हा मेली. गळती शोधून झाली, पण दोष सापडेना. अखेर विखंडनातूनच उत्पन्न होणारा झेनॉन-135 हा वायू न्यूट्रॉन गिळत असल्याचे उमगले. सुमारे नऊ तासांत तो निम्मा होतो, म्हणून भट्टी पुन्हा जागी होत असे. अभियंत्यांनी सावधगिरीने जास्तीच्या इंधननळ्यांची सोय ठेवली होती, तीच कामी आली.

त्या भट्टीतील प्लुटोनियम नागासाकीवर पडले. 16 जुलै 1945 रोजी वाळवंटातील पहिल्या स्फोटाच्या वेळी फर्मी यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले आणि ते किती दूर उडाले, यावरून स्फोटाची शक्ती अजमावली. त्याआधी जूनमध्ये, बाँबच्या प्रत्यक्ष लष्करी वापराला पर्याय दिसत नाही, असा अभिप्राय देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत तेही होते. 1949 मध्ये मात्र त्यांनी इसिडोर राबी यांच्यासह हायड्रोजन बाँबला नैतिक भूमिकेवरून स्पष्ट विरोध नोंदविला. आणि शासनाने तो बनविण्याचे ठरविल्यावर पुढे त्याच्या गणितात भागही घेतला. या विसंगतीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

युद्धानंतर ते शिकागोतच शिकवीत राहिले. ओवेन चेंबरलेन आणि त्सुंग-दाव ली हे त्यांचे विद्यार्थी पुढे नोबेलचे मानकरी झाले. 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात विद्यापीठाच्या स्वतःच्या मालकीची पहिली अणुभट्टी सुरू झाली, ती त्यांच्या हयातीत. आपल्याकडे तरुणपणी काही काळ रोमला त्यांच्याकडे राहिलेल्या होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली तुर्भे येथे 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली. ती पाहण्यास फर्मी नव्हते.

1954 च्या शरद ऋतूत त्यांना जठराचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. रुग्णालयात नळीतून थेंब-थेंब उतरणारे पोषकद्रव्य ते घड्याळ लावून मोजत. सहकारी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर भेटीस आले, तेव्हा काय बोलावे ते त्यांना सुचेना. फर्मी यांनीच थट्टेने, पुढच्या जन्मी आपण हत्ती होऊन येऊ का, असे विचारून त्यांची कोंडी फोडली. उरलेल्या दिवसांत अणुकेंद्रकीय भौतिकीच्या व्याख्यानांची टिपणे नीट लावून द्यावीत, एवढी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. 28 नोव्हेंबर 1954 रोजी शिकागो येथील राहत्या घरी, वयाच्या 53 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्क्वॅशच्या दालनातील त्या दुपारला बारा वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.