आद्य क्रांतिकारक उमाजी नाईक : फाशीच्या जागेनं राखणदारांचा इतिहासही सांगावा

पुण्यात खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत माणसं कागदपत्रांच्या कामाला येतात आणि काम झालं की निघून जातात. याच आवारात ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इंग्रजांनी उमाजी नाईकांना फाशी दिली. इतरांना दहशत बसावी म्हणून मृतदेह तीन दिवस पिंपळाला लटकवून ठेवला, असं सांगितलं जातं.

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ चा, पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचा. वडील दादोजी खोमणे, आई लक्ष्मीबाई. पुरंदर किल्ल्याची राखण रामोशी समाजाकडे होती. गडाच्या चोरवाटा, रात्रीचे पहारे हे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं काम. त्याच्या बदल्यात इनाम जमिनी अन् गावोगावचे हक्क मिळायचे. पेशवाईच्या शेवटी या हक्कांना धक्का लागला. १८१८ नंतर किल्ले इंग्रजांकडे गेले, तसा राखणदारांचा घासच गेला. उठावाचं मूळ इथं आहे.

उमाजींना तुरुंगवास झाला, पण तिथं ते लिहायला-वाचायला शिकले. बाहेर आल्यावर त्यांनी माणसं जमवली. सरकारनं आधी बक्षीस लावलं, मग समेट करून नोकरीत घेतलं. तो समेट टिकला नाही. १८३१ च्या फेब्रुवारीत उमाजींनी जाहीरनामा काढला. इंग्रजांची चाकरी सोडा, सारा भरू नका, असं लोकांना बजावलं. बक्षीस वाढत वाढत दहा हजार रुपयांवर गेलं. शेवटी फितुरी झाली आणि डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रोळीत ते सापडले.

त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनं पुढं रामोशी समाजावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. म्हणजे या माणसाची बरीचशी माहिती पकडणाऱ्याच्याच लेखणीतून आली. समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला तो वेगळाच. आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजाचं नाव आहे.

आता जयंतीला हार पडतात, कचेरीच्या आवारात स्मारकही आहे. पण नुसत्या पुतळ्यानं राखणदाराचं गेलेलं इनाम कळत नाही. त्या मोकळ्या जागेची नव्यानं मांडणी करताना पुरंदरची राखण, बुडालेले हक्क आणि तो जाहीरनामा साध्या मराठीत दगडावर यायला हवा. उताऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला तो चटकन समजेल. जमिनीवरचा हक्क गेला की काय होतं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.